इंदूरच्या उत्सवाचं फील्डवर्क: सुरुवात पावती पुस्तकापासून

अनंत चतुर्दशीच्या रात्री राजवाड्यापाशी जागा धरली, झांक्या (मिरवणुकीतले रोषणाईचे चालते देखावे) बघितल्या, भरपूर फोटो काढले, दोन-चार जणांशी बोललो आणि घरी येऊन लिहून काढलं, तर ते वार्तांकन झालं. चांगलंही होईल. पण उत्सवाचा अभ्यास करायचा असेल तर दोन महिने आधी कामाला लागावं लागतं. कार्यकर्ते पावती पुस्तक घेऊन गल्लीत निघतात तेव्हा त्यांच्या मागोमाग फिरायचं, आणि विसर्जनानंतर हिशेबाची बैठक बसते तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसून ऐकायचं. मिरवणूक सगळ्या शहराला दिसते. ती उभी कशी राहते हे फार थोड्यांना दिसतं, आणि आपलं काम तिथे आहे.

हे टिपण इंदुरातल्या नवख्यांसाठी आहे. देवी अहिल्या विद्यापीठात किंवा महूच्या आंबेडकर विद्यापीठात समाजशास्त्र, समाजकार्य, पत्रकारिता शिकणारे विद्यार्थी तर आलेच, पण रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगर अशा वस्त्यांतल्या ज्या मंडळांना आपल्या गणेशोत्सवाची स्मरणिका काढायची आहे, त्यांनाही ते चालेल. कुठली पदवी लागत नाही. वेळ लागतो, वही लागते आणि गप्प बसण्याची तयारी लागते. शेवटची गोष्ट आपल्या लोकांना जरा जड जाते.

अशा अभ्यासाच्या पद्धतीला एथ्नोग्राफी म्हणतात. ती थोडक्यात एवढीच: ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्यात जाऊन राहायचं, त्यांच्यासोबत करायचं, बघायचं, विचारायचं आणि रोज लिहायचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात मॅलिनोव्स्की ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिला, तेव्हापासून ही पद्धत मानववंशशास्त्राचा कणा मानली जाते. आपल्याकडे इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या. एकाच दिंडीत अभंग एकत्र आणि जेवणाच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या, हे त्यांना चालता-चालता दिसलं. प्रश्नावली वाटून हे हाती लागलं नसतं. प्रश्नावलीत सगळ्यांनी ‘आम्ही सगळे माउलीची लेकरं’ असंच लिहिलं असतं, आणि ते खोटंही नसतं.

पहिली पायरी: प्रश्न छोटा करा

‘इंदूरचा गणेशोत्सव: एक अभ्यास’ असं शीर्षक डोक्यात असेल तर ते खोडून टाका. एवढ्या मोठ्या विषयात माणूस हरवतो आणि शेवटी इंटरनेटवरची माहिती आपल्या शब्दांत मांडतो. एक मंडळ, एक गल्ली किंवा एक झांकी घ्या, आणि तिच्याविषयी असा प्रश्न घ्या ज्याचं उत्तर आज तुम्हाला माहीत नाही.

उदाहरण घेऊ. इंदूरच्या झांक्यांची परंपरा कापड मिलच्या मजुरांची, गेल्या शतकाच्या विशीतल्या दशकापासूनची. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, भंडारी ही नावं जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. एकेक करत मिल बंद पडल्या. हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली आणि तिच्या सुमारे ४,८०० मजुरांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. मधल्या तीस वर्षांत कितीतरी मजूर वारले. पण करोनाची वर्षं सोडली तर मिलच्या नावाच्या झांक्या निघतच राहिल्या. भोंगा बंद झाला, पगार बंद झाला, आणि झांकी चालू. आता विचारा: ही झांकी काढतं कोण? पैसा कुठून येतो? ट्रॉलीवर बसणारी मुलं मजुरांची नातवंडं आहेत की बाहेरची? मिलमध्ये कधी पाऊल न टाकलेला पोरगा ‘आपली मिल’ म्हणतो तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं? यातला एक प्रश्न नीट धरलात तरी वर्षभराचं काम झालं.

गेर घ्यायची असेल तर तिथेही हेच. रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक: टँकर, तोफा, चार मजले उंच उडणारा गुलाल आणि राजवाड्याकडे सरकणारी गर्दी. सगळे तेच टिपतात. त्याऐवजी ‘टोरी कॉर्नरच्या गेरीत कोण कुठे चालतं आणि ते कोण ठरवतं’ एवढंच घ्या.

दोन्हींत गर्दीची धास्ती वाटत असेल तर तिसरा पर्याय सांगतो: १४ एप्रिलला महू. इंदूरहून तासाभराच्या आत पोहोचता येतं. बाबासाहेबांच्या जन्मभूमीवर महाराष्ट्रातून हजारो लोक येतात, त्यामुळे भाषेची अडचण नाही. माणसं मुक्कामाला असतात, निवांत बोलतात, जेवणाच्या मंडपात तर आपण न विचारताही बोलतात. पहिल्याच फील्डवर्कला ही जागा फार चांगली. विद्यार्थी झांकी आणि गेरीच्या झगमगाटाकडे धावतात, मी मात्र नवख्यांना आधी महूला जा म्हणतो.

पंचांग समोर ठेवा

हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. सण तिथीने येतो आणि तुमचं कॉलेज तारखेने चालतं. गणेश चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला होती, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता. २०२५ साली ती २७ ऑगस्टला आली. परीक्षा, सुट्या, पावसाचा जोर, मूर्तिकाराच्या शेडमधली माती वाळण्याचा वेळ हे सगळं त्याप्रमाणे सरकतं. म्हणून आधी तिथी बघा आणि तिथून मागे दोन महिने मोजा.

इंदुरात आणखी एक गंमत आहे. आपलं मराठी पंचांग अमान्त, म्हणजे महिना अमावस्येला संपवणारं, आणि शेजारच्या हिंदी घरातलं पौर्णिमान्त, पौर्णिमेला संपवणारं. आपल्या कालनिर्णयात रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमी असते, तर त्याच दिवसाला शेजारचे गुरुजी चैत्र कृष्ण पंचमी म्हणतात. जुन्या पत्रिका, फलक, मंडळाच्या इतिवृत्तातल्या तिथी वाचताना हे लक्षात ठेवलं नाही तर अख्खा महिना चुकतो. नोंदीत तिथी आणि इंग्रजी तारीख दोन्ही लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

शिरकाव

मंडळात शिरायचं कसं, हा प्रश्न सगळ्यांना सगळ्यात अवघड वाटतो आणि तो सगळ्यात लवकर सुटतो. अध्यक्षांना भेटा, कॉलेजचं पत्र द्या, दोन वाक्यांत काम सांगा. ‘काका, तुमच्या मंडळाचा उत्सव कसा उभा राहतो ते शिकायचंय. मी येऊन बसेन, हाताला काम दिलंत तर करेन, लिहून घेईन. कुणाचं नाव छापायच्या आधी विचारेन.’ एवढं पुरतं. हिंदी भाषक समितीत ‘भिया’ (इंदुरी बोलीतलं ‘भैया’) म्हणून सुरुवात केलीत की अर्धं काम झालं.

पण अध्यक्षांची परवानगी म्हणजे सगळ्यांची परवानगी नव्हे. अध्यक्ष खुर्चीचा मालक असतो. कामाचा मालक बहुधा दुसराच कुणीतरी असतो. तो कोण हे पहिल्या आठवड्यात ओळखा. ओळखायची खूण अशी: काही अडलं की सगळ्यांच्या नजरा कुणाकडे वळतात? वायर जळली, मांडववाल्याने जास्त पैसे मागितले, दोन पोरं भांडली, अशा वेळी फोन कुणाला जातो? तोच तुमचा मुख्य माहितगार. त्याच्याशी लगेच मैत्री करायला धावू नका, मात्र. एकाच माणसाच्या गोटात बसलात की दुसरा गट तुमच्याशी बोलेनासा होतो, आणि दोन गट नसलेलं मंडळ मी तरी इंदुरात पाहिलेलं नाही.

तुम्हालाही प्रश्न विचारले जातील. ‘कुठले तुम्ही?’, ‘आडनाव काय?’, ‘इथलेच का महाराष्ट्रातले?’ हे सभ्य शब्दांत जात विचारणं आहे हे विचारणाऱ्याला आणि तुम्हाला दोघांनाही ठाऊक असतं. इंदूरच्या मराठी समाजात होळकरी काळापासून इथे असलेली घराणी आहेत, धनगर, मराठा, ब्राह्मण, दलित वस्त्या आहेत, मिलच्या निमित्ताने खानदेश-वऱ्हाडातून आलेली कुटुंबं आहेत. तुमच्या आडनावावरून समोरचा माणूस ठरवतो की तुम्हाला काय सांगायचं आणि काय गाळायचं. हे टाळता येत नाही. खोटं बोलू नका, चिडू नका. फक्त त्या दिवशीच्या नोंदीत लिहा की आडनाव कळल्यावर संभाषण कुठे वळलं. तुम्ही मुलगी असाल तर मंडपामागच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये रात्री बसणं कठीण जाईल, पण महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकघरात तुम्हाला जे ऐकायला मिळेल ते मुलाला कधीच मिळणार नाही. कोणती दारं तुम्हाला उघडी आणि कोणती बंद, याची यादीही अहवालात यायला हवी.

वही

सगळं फील्डवर्क शेवटी वहीवर उभं असतं, म्हणून इथे जरा थांबतो.

दोन वह्या ठेवा. एक खिशातली, छोटी, पाठीला कडक पुठ्ठा असलेली, उभ्या-उभ्या लिहिता येईल अशी. तिच्यात फक्त खुणा: वेळ, शब्द, आकडा, कुणीतरी बोललेलं वाक्य. दुसरी घरची, मोठी किंवा लॅपटॉपवरची. तिच्यात त्याच रात्री, झोपायच्या आधी, खुणांवरून पूर्ण नोंद लिहायची. ‘उद्या सकाळी लिहीन’ म्हटलंत की निम्मं गेलं. दोन तासांच्या निरीक्षणाला लिहायला निदान तेवढाच वेळ लागतो, हे धरूनच दिवस आखा.

नवख्याची नोंद साधारण अशी असते: ‘कारागीर मन लावून काम करत होते. वातावरणात उत्साह होता. दादांचं मार्गदर्शन मिळत होतं.’ यातून काहीच कळत नाही. हीच संध्याकाळ अशी लिहिली तर बघा (हा नमुना आहे, शिकवण्यासाठी बनवलेला):

‘सायं. ७.४०. मंडपामागे. दोघं वेल्डिंग करतायत, एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा मोबाइलचा टॉर्च धरून. रावणाची मान फिरवणारी मोटर अडकतेय. वेल्डर: “भिया, गियर बदलना पडेगा.” खुर्चीतले गृहस्थ (निळा शर्ट, सगळे दादा म्हणतात) न उठता: “मागच्या वर्षीचा कुठंय?” कुणी उत्तर देत नाही. मुलगा पळत जातो, पोतं घेऊन येतो. पोत्यात चार गियर, दोन गंजलेले. ७.५५ चहा. पहिला ग्लास दादांना, दुसरा वेल्डरला, टॉर्चवाल्या मुलाला सगळ्यात शेवटी, अर्धा. [जुनं सामान कुठे ठेवलंय हे फक्त मुलाला माहीत. कसं?]’

इथे उत्साह हा शब्द नाही, पण कोण कोणाच्या वर आहे, मागच्या वर्षीचं सामान जपून ठेवतात, आणि एक पोरगा काम शिकतोय हे तिन्ही दिसतं. शेवटचा कंस बघा. डोळ्यांनी दिसलेलं साधं लिहायचं, कानांनी ऐकलेलं अवतरणात आणि ज्याच्या तोंडचं त्याच्या खुणेसह, आणि स्वतःच्या मनातलं चौकोनी कंसात. तिन्हींची सरमिसळ झाली की सहा महिन्यांनी तुम्हाला स्वतःलाच सांगता येत नाही की हे मी पाहिलं होतं, कुणी सांगितलं होतं, की मला वाटलं होतं. बोललेलं वाक्य ज्या भाषेत बोललं गेलं त्याच भाषेत लिहा. इंदुरात माणूस मराठीत सुरू करून हिंदीत संपवतो; ते सुधारायला जाऊ नका.

नकाशाही काढा, हाताने. मंडप कुठे, वीज कुठून घेतली, देणगीदारांच्या नावांचा फलक कुठल्या बाजूला, बायका कुठे बसतात, चपला कुठे निघतात. मिरवणुकीचा रस्ता एकदा सकाळी आणि एकदा रात्री दुकानं मिटल्यावर पायी चालून बघा. जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत वळणं, लोंबणाऱ्या तारा, गॅलऱ्या नजरेखालून घाला. उंच झांकी कुठल्या वळणावर अडणार, हे झांकी बनवणाऱ्यांना आधीच माहीत असतं. तुम्हाला ते ठाऊक आहे हे त्यांना कळलं की बोलणं एकदम मोकळं होतं.

आणि प्रती काढा. एम. एन. श्रीनिवास हे नाव समाजशास्त्राच्या पहिल्याच वर्षी भेटतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५१ साली समाजशास्त्राचा विभाग त्यांनीच उभा केला. म्हैसूरजवळच्या एका खेड्यात केलेल्या कामाच्या, वर्षानुवर्षं लावलेल्या नोंदींच्या तिन्ही प्रती स्टॅनफर्डला त्यांच्या अभ्यासिकेत होत्या, आणि एप्रिल १९७०मध्ये कुणीतरी लावलेल्या आगीत तिन्ही जळाल्या. पुढे त्यांनी त्या खेड्यावरचं पुस्तक मुख्यतः आठवणीतून लिहिलं आणि ते गाजलं. पण ते श्रीनिवास होते. तुम्ही रोज रात्री वहीच्या पानांचे फोटो काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवा. प्रती तीन असून भागत नाही, त्या तीन ठिकाणी हव्यात.

मुलाखत कधी आणि काय विचारायचं

ऐन उत्सवात मुलाखत घेऊ नका. माणूस घाईत असतो, कर्णे चालू असतात, आणि जे मिळतं ते छापील असतं. आधी किंवा नंतर, त्याच्या घरी किंवा दुकानात, निवांत.

‘तुम्ही हा उत्सव का साजरा करता?’ हा प्रश्न कधीच विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: परंपरा, श्रद्धा, एकोपा, टिळकांनी सुरू केला. त्याऐवजी ठोस प्रसंग विचारा. मागच्या वर्षी काय बिघडलं? पहिल्यांदा वर्गणी मागायला गेलात तेव्हा कुणासोबत होतात? कुठल्या घरी जाणं टाळता? कुठल्या वर्षी उत्सव मोडता-मोडता वाचला? घरात: ‘काकू, महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या कोण निवडतं? सुना नोकरीला लागल्यापासून काय बदललं?’ यावर काकू तासभर बोलतात. तुम्ही फक्त ‘मग?’ म्हणायचं.

एकत्र बसलेल्या घोळक्यात विचारलंत तर सगळ्यात ज्येष्ठ माणूस बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. तेही उपयोगी असतं, पण नंतर प्रत्येकाला वेगळं गाठा. मान डोलावणारा एखादा म्हणतोच, ‘ते काका म्हणाले ना, तसं काही नव्हतं हां.’

अशा वेळी खरं काय ते ठरवायची घाई नको. गेरीचंच घ्या. एक गोष्ट होळकरांची सांगितली जाते, की राजघराण्यातली माणसं रंग खेळायला शहरात निघत आणि त्यातून गेर आली. दुसरी टोरी कॉर्नरची, की तिथे भल्या मोठ्या कढईत रंग कालवून येणाऱ्या-जाणाऱ्याला बुडवत, आणि हळूहळू मंडळी मिरवणुकीने राजवाड्याकडे जाऊ लागली. कुठली गोष्ट कोण सांगतं, कुणासमोर सांगतं, आणि सांगताना आपल्या आजोबांना त्यात कुठे उभं करतं, हे नोंदवा. इतिहासकाराला त्यातली एक निवडावी लागेल. तुम्हाला दोन्ही लागतात.

रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा आणि रेकॉर्डर समोर, दिसेल असा ठेवा. मध्येच कुणी ‘हे लिहू नका’ म्हटलं तर पेन खाली ठेवा, बंद करा, आणि खरंच लिहू नका. प्यायलेल्या माणसाची परवानगी ही परवानगी नसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. लहान मुलांशी बोलायचं तर आई-वडिलांना विचारून. अहवालात नावं बदला, पण नुसतं नाव बदलून भागत नाही: ‘मालवा मिल भागातल्या एका मंडळाचे खजिनदार’ एवढं लिहिलंत तरी तिथला प्रत्येक जण ओळखतो. चोरून घेतलेली वीज, कुणाची उधारी, कुणाचं दारूपाणी यांतलं काही लिहायचं असेल तर ओळखीची प्रत्येक खूण पुसा; पुसता येत नसेल तर गाळा.

कागद

मंडळांकडे कागद असतात, फक्त ते कपाटावरच्या ट्रंकेत असतात आणि किल्ली गावाला गेलेल्या माणसाकडे असते. धीर धरा. पावती पुस्तकांच्या स्थळप्रती, जमाखर्च, परवानगीचे अर्ज, स्पर्धेची प्रमाणपत्रं, जुने फोटो, पत्रिका, इतिवृत्त. यांत पावती पुस्तकासारखं दुसरं काही नाही. दहा वर्षांच्या स्थळप्रती समोर ठेवल्यात तर गल्लीतून कोण गेलं, कोण आलं, कुणाचा हात सैल झाला, नगरसेवकाची देणगी कुठल्या वर्षी अचानक वाढली, सगळं दिसतं. आकडे नावांसकट छापायचे नसतात, हे सांगायला नकोच. मिलच्या झांक्यांच्या बाबतीत वर्गणीबरोबरच महानगरपालिका आणि विकास प्राधिकरणाकडून मिळणारी मदत हा मोठा धागा आहे, तो सोडू नका.

शहरातून १९४७पासून निघणाऱ्या ‘नईदुनिया’चे जुने अंक आणि १९१५च्या महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या संस्थांकडचं जुनं साहित्य चाळा. वर्तमानपत्रात बक्षीस कुणाला मिळालं ते असतं. कुणाला मिळालं नाही म्हणून कोण रुसलं ते मुलाखतीत मिळतं.

मुख्य दिवस

आता एवढं झाल्यावर मुख्य दिवशी तुमच्याकडे फारसं काम उरत नाही, आणि तेच बरं. त्या दिवशी नवं काही शोधायचं नसतं, आधी ऐकलेलं तपासायचं असतं.

दोघं-तिघं असाल तर वाटून घ्या. एकाने एकाच जागी पहाटेपर्यंत थांबायचं आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक झांकीची, आखाड्याची वेळ लिहायची. दुसऱ्याने एकाच झांकीसोबत पहिल्यापासून शेवटपर्यंत चालायचं. खजराना गणेश मंदिर, विकास प्राधिकरण, महानगरपालिका, मग मिल, असा क्रम असतो. तो कुठे आणि का अडला ते बघा. दोन झांक्यांच्या मधल्या मोकळ्या वेळात, जनरेटर बंद पडल्यावर, आखाड्याचे वस्ताद पोरांना पाणी पाजताना जे बोलणं होतं ते रोषणाईपेक्षा मोलाचं. परीक्षकांच्या मंचासमोर आल्यावर झांकीचा वेग आणि आखाड्यातल्या पोरांची पट्टा-बनेठी कशी बदलते ते आवर्जून टिपा.

गर्दीचा आकडा वर्तमानपत्रातून उचलू नका. तिथे लाखांखाली बोलणं होत नाही. १९६०च्या दशकात बर्कलीचे पत्रकारितेचे प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी सोपी रीत घालून दिली: जागेचं क्षेत्रफळ मोजा, आणि सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, श्वास घ्यायला जागा नसेल तर अडीच चौरस फूट धरा. समजा रस्त्याचा २०० फूट लांब, ४० फूट रुंद तुकडा घेतला, म्हणजे ८,००० चौरस फूट. दाट गर्दी असेल तर तिथे अठरा हजार नव्हे, जेमतेम पावणेदोन हजार माणसं मावतात. चालत्या मिरवणुकीला हे लागू होत नाही. तिथे एक रेषा ठरवा आणि मिनिटाला किती जण ती ओलांडतात ते थोड्या-थोड्या वेळाने मोजा.

गेरीची तयारी वेगळी. फोन प्लास्टिकच्या पाउचमध्ये, पेनाऐवजी पेन्सिल, डोळ्यांना साधा गॉगल, अंगाला आधी खोबरेल तेल. कागद भिजणारच, म्हणून दर अर्ध्या तासाला बाजूला होऊन फोनवर दोन मिनिटं बोलून नोंद करा. नेटवर्क मिळेलच असं नाही. भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा, कृष्णपुरा छत्रीसारखी लांबून दिसणारी. मुलींनी एकटीने गर्दीत शिरू नये, हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, कामाची रीत म्हणून सांगतो. सराफा-राजवाडा भागातल्या ओळखीच्या घराची गॅलरी आधी विचारून ठेवा; वरून जे दिसतं ते खालून दिसतही नाही. कुठल्याही क्षणी नको वाटलं तर निघून या. एका दिवसाच्या नोंदी बुडाल्या म्हणून अभ्यास बुडत नाही.

आणि गेर संपली म्हणून घरी जाऊ नका. २०१७पासून स्वच्छतेत देशात अव्वल येत राहिलेल्या या शहरात गेरीच्या मागोमाग झाडूवाले आणि पाण्याचे टँकर निघतात, आणि काही तासांत रस्ता धुऊन निघतो. रंग उडवणाऱ्यांचे फोटो हजार मिळतील. झाडणाऱ्या बाईला ‘ताई, तुमची रंगपंचमी कधी?’ असं विचारलेलं फारसं कुणी नाही. तिची परवानगी घ्या, काम अडवू नका, दुसऱ्या दिवशी भेटायची वेळ मागा.

नंतर

विसर्जनानंतर चार दिवस झोपा काढा. मग हिशेबाच्या बैठकीची तारीख विचारून घ्या. बोलावलं नाही तर जाऊ नका, पण बहुतेक वेळा बोलावतात, कारण तोवर तुम्ही खुर्च्या उचलू लागलेले असता.

पुढचा टप्पा कंटाळवाणा आहे, तो मी लवकर उरकतो. सगळ्या नोंदी सलग वाचा. समासात शब्द लिहा: पैसा, क्रम, वय, बाई-पुरुष, मान, जुन्या आठवणी, भांडण. एकाच शब्दाखालची सगळी पानं एकत्र वाचा. तुम्हाला वाटत असलेल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारा एक तरी प्रसंग शोधा आणि तो अहवालात ठेवा. उदाहरणार्थ, ‘नवी पिढी झांकीपासून तुटतेय’ असं लिहायला हात शिवशिवत असेल तर त्या टॉर्चवाल्या मुलाचं काय करायचं ते आधी ठरवा.

मसुदा झाला की छापायच्या आधी मंडळाला दाखवा. पन्नास पानं कुणी वाचत नाही. दोन पानांचा सारांश करा, मराठीत किंवा हिंदीत, मोठ्या अक्षरात, आणि सोबत फोटोंच्या छापील प्रती द्या. अध्यक्षांना एक द्या, वेल्डरला एक द्या, काकूंना घरी जाऊन द्या. वाचून कुणीतरी म्हणेलच की अमुक चुकलंय, तमुक असं नव्हतं. वाद घालू नका. त्यांच्यासमोर वही काढा, तारीख-तिथी टाका आणि ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या; दुसरा मसुदा त्या पानांवरूनच लिहायचा आहे.